परवा दोन असतात

...नाही, पण मी म्हणते, दातांच्या दवाखान्याची साइट ती, तिला चौदाशे पॅकेजं लागतातच कशाला? माणसाच्या तोंडात दात बत्तीस! तेही ज्याचे असतील त्याचे! माझ्या तोंडात तर आता... जाऊ दे, तो विषय पुढे येईलच. सरका जरा, बसते मी. गुडघे ठणठणीत आहेत हो माझे, पण उभ्यानं बोललं की ही कवळी निसटते. थांबा... हं. बसली.

तुमची पण परवाचीच वेळ ना? वाटलंच मला. आणि तुमची? परवा. ते कोपऱ्यात गाल धरून बसलेत, ते काका? तेही परवा! अहो, खुर्च्या अकरा, बसलेली माणसं सतरा, उभी किती ते मी मोजलंच नाही, आणि जो तो मोबाइलवर मंगळवारी काढून ठेवलेला फोटो पुढे करतोय, 'हे बघा, परवा लिहिलंय!' मंगळवारी साइट सुरू झाली, मंगळवारी आपण सगळ्यांनी पाहिलं, 'तुमची वेळ: परवा', बोटांवर मोजलं, बुधवार, गुरुवार, आणि आज गुरुवारी सगळे हजर! आणि आता ती काउंटरवरची मुलगी म्हणते, 'यातले निम्मे लोक गेल्या रविवारचे आहेत!' का? तर मंगळवारी पाहिलं की मागचा रविवारही परवाच! मागे दोन दिवस तेही परवा, पुढे दोन दिवस तेही परवा! आता मला सांगा, हे काय दवाखान्याच्या साइटनं ठरवायचं? मी म्हणते, परवा म्हणजे परवा. माझी तर आजचीच असणार. असायलाच हवी.

आत बघा, तुम्हाला सांगते, डॉक्टरच्या टेबलाच्या कडेवर लॅपटॉप टेकवून, मान खाली घालून जो बसलाय ना, निळ्या शर्टातला, तो आमचा जावई. हो, ज्याला तुम्ही मघापासून शिव्या घालताय, तोच. घाला, माझी ना नाही. पण स्वभावानं गरीब आहे हो. फक्त आठवडाभर त्याच्या मागे खुर्ची टाकून बसल्यावर मला कळलं, की याला पगार कशाचा मिळतो. दुसऱ्यांनी करून ठेवलेलं निस्तरण्याचा!

आता माझं म्हणाल, तर मला नवीन कवळी शनिवारच्या आत तोंडात हवी आहे. हट्ट नाही, गरज आहे. शनिवारी माझ्या थोरल्या बहिणीला ऐंशी वर्षं पूर्ण होतायत. ताईला दोन वर्षांपासून दिसत नाही. अजिबात नाही. माणूस ती आवाजावरून ओळखते. रोज सकाळी आठ वाजता माझा तिला फोन, कधी चुकला नाही. आणि गेले तीन आठवडे, या मेल्या जुन्या कवळीनं दगा दिल्यापासून, मी म्हणते, 'ताई, मी बोलतेय गं', की हिचं मध्येच टक्! 'ताई, टक्, जेवलीस का, टक्!' ताई म्हणते, 'कोण बोलतंय?' अगं मी, तुझी धाकटी! 'माझी धाकटी असं बोलत नाही. रॉंग नंबर.' आणि फोन ठेवते! सख्खी बहीण मला रॉंग नंबर म्हणते हो! पहिल्या दिवशी हसले. दुसऱ्या दिवशी पण हसले. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडले, खोटं कशाला सांगू. आणि भाच्यानं तिला विचारलं, वाढदिवसाला काय हवं, तर म्हणाली, 'धाकटीला बोलाव. बरेच दिवस झाले, तिचा आवाज ऐकला नाही.'

आमची लेक म्हणते, 'आई, मग कवळी काढून बोल.' काढून? चौतीस वर्षं मी मराठी शिकवलंय! उच्चारासाठी पोरांना बाकावर उभं केलंय! आणि ही काढली की माझ्या 'स'चा होतो 'फ'. 'सांगते' म्हणायला जावं तर 'फांगते' बाहेर पडतं. नवऱ्यासमोरसुद्धा मी कधी कवळी काढून बोलले नाही, आणि आता फोनवर बोलू? मुळीच नाही.

बरं, डॉक्टर काय म्हणाला ते ऐका. म्हणाला म्हणजे काय, माझ्याच हातचा विद्यार्थी आहे तो, चौथी ब, शेवटचा बाक. 'बाई, आ करा. कवळीला काही झालेलं नाही. अकरा वर्षांत हिरड्या आक्रसल्या. कवळी तशीच राहिली आणि खालचं बदललं, म्हणून हलते.' हे लक्षात ठेवा बरं का, पुढे लागणार आहे. मग मापं घेतली आणि सांगितलं, नवीन कवळी बनून आली की वेळ साइटवर दिसेल, फोन करायची गरज नाही.

मी रोज सकाळी साइट उघडायची. गेल्या बुधवारी उघडली... तर कोरी! पांढरीफटक! ना डॉक्टरचा फोटो, ना ते हसणारं कुटुंब, काही नाही! लावला फोन. काउंटरवरची मुलगी म्हणते, 'आजी, साइट बंद पडलीय.' मग वहीत बघून सांग. 'वही बंद केली, आता सगळं साइटवर असतं.' मग साइटवर बघ! 'साइट बंद आहे.' मग वहीत... असे आम्ही तीनदा गोल फिरलो, चौथ्यांदा तिनंच डॉक्टरला फोन दिला. तो म्हणाला, 'बाई, ज्यानं साइट केली तो सात वर्षांपूर्वीच नोकरी सोडून निघून गेला, फोन उचलत नाही, काय करू?' आणि माझी जीभ! ही कवळी निसटते, पण जीभ कधी निसटायची राहिली आहे? मी म्हटलं, 'अरे, आमचे जावईबापू आहेत ना! तासाभराचं काम!' तासाभराचं! माझ्या शब्दावर त्यानं होकार दिला, आणि शुक्रवारी जावई लॅपटॉप घेऊन माझ्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसला, कारण त्यांच्या घरी रंगकाम चाललं होतं.

बसल्या बसल्या म्हणाला, 'आई, साइटला काही झालेलं नाही. ती ज्या मशीनवर ठेवलीय, तिथलं खालचं सगळं मशीनवाल्या कंपनीनं नवीन केलं. वरची पॅकेजं मात्र सात वर्षांपूर्वीचीच राहिली.' मी म्हटलं, 'म्हणजे हिरड्या बदलल्या!' त्यानं खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, 'हो आई. तेच.' तेव्हापासून त्यानं मला खुर्ची टाकून बसायची परवानगी दिली. दिली म्हणजे, नको म्हणाला नाही.

आता पॅकेज म्हणजे काय, तर दुसऱ्यानं आधीच करून ठेवलेलं काम. आपण ते उचलून आणायचं, आपल्यात चिकटवायचं, आणि पुढे आयुष्यभर त्या माणसावर विसंबून राहायचं. डिपेंडन्सी म्हणतात म्हणे त्याला. आमच्या वर्गात कॉपी म्हणायचे! बरं, आणलं एक, तर ते म्हणतं मला हे दुसरं लागतं, ते म्हणतं मला तिसरं लागतं, असे करत करत चौदाशे! मी एकावर बोट ठेवलं, हे काय करतं? 'आई, हे संख्या विषम आहे का ते सांगतं.' एवढंच? 'एवढंच.' आणि हे त्याच्या खालचं? 'ते आधी बघतं, की ती मुळात संख्या आहे का.' मी तिसरीच्या पोरांकडून हे तोंडी करून घ्यायचे हो! आणि ते लिहिणारा सहा वर्षांपूर्वी सोडून गेला, आता त्याला वाली नाही, आणि त्याच्यावाचून आमचा दवाखाना चालत नाही!

मग यानं एक आज्ञा टाइप केली आणि पडदा लाल! इथून तिथून लाल! मी जन्मभर वह्या लाल केल्या, पण एवढा लाल कागद मी कुठल्याही पोराच्या हातात दिला नाही, आई-बापांना आधी बोलावलं असतं! खाली लिहिलेलं, एकशे अकरा धोके, त्यातले नऊ अतिगंभीर. 'जावईबापू, डॉक्टरला कळवू या का?' तर हा शांत. 'नाही आई, असं असतंच.' अतिगंभीर असतंच? त्याखाली उपायही दिला होता, अमुक आज्ञा द्या, सगळं आपोआप दुरुस्त होईल. दिली. आम्ही चहा प्यायलो. परत मोजले. धोके एकशे चव्वेचाळीस! औषध घेतलं आणि आजार वाढला, पण तोही म्हणे असतोच!

शनिवार, रविवार, सोमवार... काय सांगू तुम्हाला! एकाला नवीन आणावं, तर दुसरं अडून बसतं. याला एका पॅकेजाचा सतरावा अवतार हवा. त्याला सोळावाच चालतो, सतरावा आला की तो उठून जातो. मग दोघांनाही चालेल असा मधला शोधावा, तर तो तिसऱ्याला चालत नाही. जावा-जावा बऱ्या, हो! त्या निदान बोलणं टाकतात, घर बंद पाडत नाहीत! जावई आपला एकटाच पुटपुटतोय, 'तू जुना राहा... तू वर ये... नाही, तू नको...' मी म्हटलं, अहो, जेवून घ्या. तर म्हणतो, 'एवढं एक गेलं की झालंच आई.' एवढं एक! तीन दिवस मी ते एवढं एक ऐकतेय! लेकीनं फोन केला, 'आई, तू त्याच्या मागे बसू नकोस, त्याला सुचत नाही.' मी म्हटलं, मला शनिवारच्या आत दात हवेत, मी पुढे बसू का?

मंगळवारी सकाळी यानं चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाला, 'आई, आता एकच. पॅकेजांचा सगळा फोल्डर पुसायचा आणि नवीन आणायचा. सगळेच करतात असं.' पुसला! एका झटक्यात! चौदाशेच्या चौदाशे! मग सगळं परत आणलं, चारसहा ठिकाणी त्यानं नवं लिहिलं, आणि बारा वाजता... उघडली! डॉक्टरचा फोटो आला! ते हसणारं कुटुंब आलं! मी जावयाची दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली. आणि त्यानं माझं नाव टाकून दाखवलं, 'बघा आई. तुमची वेळ: परवा, सकाळी साडेदहा.' परवा! म्हणजे गुरुवारी दात, शुक्रवारी गाडी, शनिवारी ताई! लगेच बॅग भरायला घेतली मी.

आणि आज सकाळी हा गोंधळ. 'माझा परवा आज आहे!' 'नाही, माझाच आज आहे!' ते काका म्हणतात, 'मी रविवारी येऊन गेलो, दात काढून गेलो, तरी मंगळवारी मला परवा दाखवलं, आता कुठला काढायचा राहिलाय?' डॉक्टरनं जावयाला बोलावलं. यानं जिन्याखालच्या खोलीतून दवाखान्याचा जुना कॉम्प्युटर काढला, धूळ झटकली, त्यात साइटची जुनी प्रत होती. एक तास शोधत होता. आणि काय सापडलं? त्या चौदाशेमध्ये एक तारखेचं पॅकेज. मागचा असो, पुढचा असो, ते मूळचं नुसतंच 'परवा' म्हणतं. तो निघून गेलेला माणूस होता ना, त्यानं त्या पॅकेजाच्या पोटात शिरून, हातानं, सहा ओळी घातल्या होत्या. पुढचा असेल तर 'येत्या परवा', मागचा असेल तर 'गेल्या परवा'. आणि वर टीप, 'सावधान! परवा दोन असतात.' कोणाला सांगितलं? कोणालाच नाही! जावई म्हणतो, 'आई, या फोल्डरमध्ये हातानं लिहायचंच नसतं, तो पुसला जातो हे सगळ्यांना माहीत असतं.' सगळ्यांना माहीत असतं, मग त्यानं लिहिलं कसं? आणि यानं पुसण्याआधी बघितलं का नाही? सहा ओळी! आणि तुम्ही-आम्ही सगळे इथे एकमेकांच्या मांडीवर!

काय गं? माझं नाव घेतलंस? आले, आले! बघा, म्हटलं नव्हतं, माझी आजचीच... काय? रविवारी? कुठल्या रविवारी? ...गेल्या? अगं, नीट बघ! 'आजी, रविवारी साडेदहाला होती तुमची वेळ. डॉक्टर वाट बघत होते.' अगं, पण तेव्हा साइट बंद होती, मला स्वप्न पडणार होतं का? बरं, आज घाल. कवळी आत डबीत तयार आहे ना? मग? पाच मिनिटांचं काम! 'आजी, आजवाल्यांनाच वेळ पुरत नाही, डॉक्टर दोनला बाहेरगावी निघतात. उद्या-परवा दवाखाना बंद.' उद्या-परवा! अजून एक परवा! तू हा शब्द माझ्यासमोर उच्चारू नकोस!

थांबा... निसटली... हं.

बसते. नाही, पाणी नको. ...आता तुमच्यापासून काय लपवायचं? इकडे या जरा, मोठ्यानं नको, ते काका ऐकतील. मंगळवारी जावयानं मला विचारलं होतं. साइट सुरू झाल्यावर म्हणाला, 'आई, मराठी तेवढं तुम्ही तपासा.' मी तपासलं. तेवीस चुका काढल्या. 'चिकित्सा'तली 'चि' सात वर्षं दीर्घ होती हो, आणि माझा विद्यार्थी म्हणवतो! तर जावई एका जुन्या छापील कागदाकडे बघत म्हणाला, 'आई, पूर्वी इथं "येत्या परवा" असं यायचं, आता नुसतं "परवा" येतंय. चालेल का?' आणि मी... चष्मा वर केला आणि म्हणाले, 'नुसतं परवाच शुद्ध. येत्या परवा हे काय मराठी आहे? परवा म्हणजे परवा. कोणाला कळत नाही?'

कोणाला कळत नाही म्हणे! चौतीस वर्षं शिकवलं मी! तो बिचारा तासभर सगळ्यांच्या शिव्या खातोय, आणि त्यानं डॉक्टरला एका शब्दानं सांगितलं नाही, की हे सासूबाईंनी तपासून दिलंय. मी म्हटलं ना, गरीब आहे म्हणून.

अहो, आला बघा बाहेर! काय झालं, जावईबापू? झालं? बरोबर दाखवतंय? सहा ओळी परत घातल्या, या वेळी कुठेतरी नीट, पुसल्या जाणार नाहीत अशा? शाब्बास! बघू, काउंटरवरच्या मुलीनं घातलेली माझी नवीन वेळ... चष्मा... हं. 'तुमची वेळ: तेरवा, सकाळी साडेदहा.' ...तेरवा? हे कुठून आलं? 'आई, पॅकेजच्या नवीन आवृत्तीत तेरवा वाढवलाय. सुधारणा आहे.' सुधारणा! अहो, मागचा तेरवा सोमवार, पुढचा तेरवा रविवार! परवा दोन होते, आता तेरवाही दोन झाले! बघा, बघा, परत मान खाली घालून आत चालला. जा बाबा. आणि अहो, ऐका! तुम्ही नुसता वार का नाही लिहीत? र, वि, वा, र! ...ऐकलंच नाही.

म्हणजे पुढच्या रविवारी दात. आणि ताईचा वाढदिवस शनिवारी. झालं. संपलं. ती ऐंशी वर्षांची होणार, समोर मी बसणार, आणि ती भाच्याला विचारणार, ही बाई कोण आणलीस?

कोणाचा वाजतोय? माझाच! कोण... ताई? ताई स्वतःहून कधी फोन करत नाही, भाच्यानं लावून दिला असणार. हॅलो! ताई, टक्, मी... अगं, ठेवू नकोस! टक्... मी, तुझी धा... अरे देवा, पडली! खुर्चीखाली गेली! पाय उचला, कोणी तुडवू नका! नाही गं ताई, ठेवू नकोफ! ऐक! फांगते! फगळं फांगते! ती फाइट बंद होती गं, फगळी पॅकेजं फडली होती, फात दिवफ हा माणूफ बफलाय, आणि वेळ दाखवतंय फाडेदहा, पण कुठल्या दिवशी फाडेदहा ते कोणालाच माहीत नाही, आणि आता दात नाहीत, मी शनिवारी तुझ्यापुढे कशी येऊ, तू मला ओळखत नाहीफ, तू मला रॉंग नंबर... ताई? ताई, रडतेफ की हफतेफ?

...हफतेय हो. खदखदून. काय म्हणते माहितेय? म्हणते, 'अगं, तूच की गं! पहिलीत असताना तुझे पुढचे दोन दात पडले होते, तेव्हा अशीच बोलायचीस. ताई, फाखर दे! ताई, मला पण फांग! तीन आठवडे कोण ती बाई खटाखट बोलत होती? असा माझ्या धाकटीचा आवाज असतो होय?'

नको. ती कवळी नको, काका. राहू द्या, डबीत ठेवा. ...डोळ्यांत काही नाही गेलेलं.

मग ताईनं विचारलं, 'येतेस कधी?' मी म्हटलं, 'येते की, परवा!'

ती म्हणते कशी, 'परवा? अगं, परवा येऊन गेलीस, आणि मला भेटलीसुद्धा नाहीस?'

...फांगा. आता तुम्हीच फांगा हिला, काय फांगायचं ते!